खुराकाची बादली मागणाऱ्या डॉक्टरताईंना

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर 'थँक्यू' म्हणून झालं, पण मन भरेना. म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या बिजलीच्या शिंगराच्या पुढच्या गुडघ्यांवर सूज आली होती, चाल आखडली होती. तुमच्याआधी एक डॉक्टरसाहेब इथे मांजरी गावात येऊन गेले. गाडीवरून उतरलेसुद्धा नाहीत, कुंपणाबाहेरूनच कॅल्शियमची बाटली लिहून दिली. दुसरे म्हणाले, वाढत्या वयात होतंच असं, खुराक वाढवा. वाढवला. सूजही वाढली. पैसे मात्र दोघांनी मोजून घेतले.

तुम्ही बॅग उघडायच्या आधी खुराकाची बादली मागितलीत. कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ वर काढलीत, गव्हाचा भुसा (कोंडा) आणि धान्याचा भरडा तळहातावर वेगळा केलात, वास घेतलात. बाबा कानकोंडे होऊन उभे. वरातीच्या घोड्या सांभाळण्यात त्यांची हयात गेली. आता मुलीच्या वयाची डॉक्टर चारचौघांत झापणार, असंच त्यांना वाटलं असणार. तुम्ही म्हणालात, "काका, हात सढळ आहे तुमचा. पण याच्या हाडांना एवढी घाई सोसत नाही." बाबांनी मान वर केली. ताई, हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

मग तिथेच उकिडवं बसून त्यांना समजावलंत. गव्हाच्या भुशात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, तो कॅल्शियम अंगी लागू देत नाही. खुराकात फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम हवं. धान्यावर वजन भराभर चढतं आणि हाडांच्या टोकाशी असलेल्या कोवळ्या कूर्चेला ते ओझं पेलत नाही. भुसा बंद, भरडा कमी, लसूणघास सुरू, तांबं-जस्ताचं खनिज मिश्रण मोजून. उपाशी मात्र मारू नका, हेही बजावलंत.

आता सूज उतरली आहे, पोर मोकळं चालतं.

शिकलेली माणसं पुण्यात गल्लोगल्ली भेटतात हो. समोरच्याचा पाणउतारा न करता चार गोष्टी सांगणारं माणूस शोधावं लागतं.

त्या दिवशीची फी तुम्ही विसरलात की मुद्दाम घेतली नाहीत, कळलं नाही. बाबा हिशेबाला पक्के आहेत. रविवारी स्वतः दवाखान्यात येताहेत. नको म्हणू नका, ऐकायचे नाहीत.

आपली,
बिजलीच्या घरची थोरली