शाळेची परसबाग आणि खो-खोचं मैदान : मदतीसाठी आवाहन

सर्व माजी विद्यार्थी, पालक, ग्रामस्थ आणि परमुलखात सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात असलेले आपले गलाई बांधव यांस सप्रेम नमस्कार.

शाळा उघडायला तीन आठवडे उरलेत, म्हणून घाईने लिहितो आहे.

आटपाडीच्या मुरमाड रानात डाळिंबाशिवाय काय येणार, असं म्हणणाऱ्यांनी गेल्या हिवाळ्यात शाळेमागे येऊन बघायला हवं होतं. सहावी-सातवीच्या पोरांनी दगड वेचले, गुरुजींनी रविवारी स्वतः कुदळ धरली, हात धुण्याचं पाणी चर काढून वाफ्यात सोडलं. मेथी, पालक, चवळई, घेवडा आणि कडेने शेवगा! पोषण आहारात लहान पोराला रोज 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्याला 75 ग्रॅम भाजी मिळावी, असं सरकारी माप आहे. आपल्या शाळेत ते माप हिवाळाभर या बागेने भरून काढलं. शेवग्याचा पाला आमटीत घालायची युक्ती स्वयंपाकाच्या मावशींची. आधी पोरं तो ताटाच्या कडेला सारायची, स्वतः खुडायला लागल्यावर चाटूनपुसून खाऊ लागली. बाईंनी आधी स्वतःच्या डब्यातलं फरसाण बंद केलं आणि मग पोरांना पाच रुपयांच्या पुड्या सोडायला सांगितल्या. आता मधल्या सुट्टीत शेंगदाणे-गूळ निघतो. याचा मला फार अभिमान आहे.

हे ज्यांच्यामुळे झालं त्यांचे उपकार कसे विसरायचे? वरच्या मळ्यातले आण्णा, लाईट रात्रीची असली तरी उठून मोटार सुरू करून पाणी देत होते. शेणखताच्या तीन ट्रॉल्या आणून टाकणाऱ्याने भाड्याचं नाव काढलं नाही. कोइमतूरच्या पेढीवरून दादांची रक्कम दर दसऱ्याला न मागता येते, आणि प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न, “पोरं खेळतात का?” डाळिंबाची रोपं दिलेल्या आक्का आज आपल्यात नाहीत. त्यांच्या झाडाचं पहिलं फळ पहिलीच्या वर्गाने दाणा दाणा वाटून खाल्लं.

पण मनातलं एक लिहितोच. दिवाळीत कुंपणासाठी हेच आवाहन केलं होतं. ग्रुपवर अंगठे पुष्कळ आले, पावत्या अकराच फाटल्या. कुंपण राहिलं आणि मे महिन्यात शेरडांनी शेवग्याची मोठी झाडं सोडून सगळं साफ केलं. सुट्टीतही पाळीने पाणी घालायला येणाऱ्या दोन मुली सकाळी तिथेच रडत बसल्या. त्यांना काय सांगायचं, हे मला सुचलं नाही.

मैदानाचंही तसंच. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारताने जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हापासून मुली पहाटे मैदानावर हजर असतात. खांब मात्र बाभळीचे, साल निघालेले. हात सोलतात.

गरज अशी : बागेला जाळीचं कुंपण, ठिबक, 1000 लिटरची टाकी, खो-खोचे दोन खांब, मैदानावर माती, मिळून 68,000 रुपये, जमा 19,500. शिवाय पोषण आहारातली शुक्रवारची अंडी : सरकारने त्यांचा वेगळा निधी थांबवून लोकसहभागातून द्या म्हटलं आहे, एका शुक्रवारचे साधारण 800 रुपये, वाढदिवस, पुण्यतिथी, कोणत्याही निमित्ताने एक शुक्रवार घ्यावा, अंडी न खाणाऱ्यांना केळी. रोख रक्कम गिरणीवाल्या काकांकडे, पावती लगेच; खाते क्रमांक शाळेच्या फलकावर व ग्रुपवर, पाठवल्यावर नाव कळवावे. वस्तूही चालतील.

ज्यांना पैसे जमणार नाहीत त्यांनी संकोच करू नये. येत्या रविवारी सकाळी 7 वाजता कुंपणाचे खड्डे काढायचे आहेत. पहार, कुदळ, पाटी जे असेल ते घेऊन या. मावशी भाकरी-पिठलं करणार आहेत.

आपला,
सचिव, माजी विद्यार्थी मंडळ