ढोलकीवाल्या मित्राला, ब्रॉंक्सहून आल्यावर

जर्सी सिटी,
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरांमधून अचानक तुझीच ढोलकी ऐकू आली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या कॅसेटमधली, हलगीबरोबरच्या जुगलबंदीतला नेमका तोच तुकडा, कुणीतरी पुन्हापुन्हा फिरवलेला. पोरं बेभान नाचत होती. "आनंद झाला की वाईट वाटलं, माझं मलाच कळेना," म्हणालास आणि गप्प झालास. मला तेव्हा धड काही बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

काल मी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सला गेलो होतो, हिप-हॉप जिथे सुरू झालं त्या १५२०, सेजविक अव्हेन्यूला. विटांची उंच, साधी इमारत. जवळच्या हायवेची घरघर क्षणभरही थांबत नाही. ११ ऑगस्ट १९७३ला इथल्या रहिवाशांच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी तिला नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी पैसे हवे होते. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. डीजे कूल हर्क या नावाने तो ओळखला जायचा. कुटुंब जमैकाहून आलेलं. आपल्याकडे डीजे म्हणजे स्पीकरची भिंत, पण इथे डीजे म्हणजे माणूस. दोन टर्नटेबलांपुढे उभा राहून तबकड्या लावणारा.

तू मला एकदा सांगितलं होतंस, गाणारीला दम घेता यावा म्हणून मध्ये ढोलकीला मोकळं सोडतात आणि शिट्ट्या नेमक्या तिथेच पडतात. हर्कने हेच हेरलं. जेम्स ब्राउनसारख्या इथल्या फंक गायकांच्या गाण्यांत मध्येच ट्रम्पेट, गिटार, गळा सगळं थांबतं आणि उरतो फक्त ड्रमवाला. त्याला म्हणतात ब्रेक. नाचणारी पोरं तेवढ्या तुकड्याचीच वाट बघत असतात, हे हर्कच्या लक्षात आलं. मग त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती घेतल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिलीची सुई मागे. काही सेकंदांचा तुकडा मिनिटं न् मिनिटं चालायला लागला. त्या ब्रेकवर नाचतात म्हणून ती पोरं बी-बॉय. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये होता तो नाच हाच.

ब्रॉंक्स तेव्हा अक्षरशः जळत होता. क्रॉस ब्रॉंक्स एक्स्प्रेसवे काढताना नांदत्या वस्त्या मधोमध चिरल्या गेल्या, हजारो कुटुंबं उठली. पुढे विम्याच्या पैशांसाठी मालकच आपल्या इमारतींना आगी लावायला लागले. पोरांच्या टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या. १९७१च्या डिसेंबरात त्या टोळ्यांनी एकत्र बसून तह केला. तो झाला नसता तर दुसऱ्या गल्लीतल्या पार्टीला जायची कुणाची हिंमत झाली असती, असं मला फार वाटतं.

हर्क सुई अंदाजाने टाकायचा, त्यामुळे ठेका कधी कधी अडखळायचा. तो सांधला जोसेफ सॅडलरने, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅशने. बार्बाडोसमध्ये जन्मलेला हा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. ब्रेक कुठे सुरू होतो त्या जागी त्याने तबकडीवर क्रेयॉनने खूण केली, आणि तबकडी बोटांनी नेमके किती फेरे मागे फिरवायची याचं गणित बसवलं. खालची चकती फिरत राहावी आणि वरची तबकडी हाताने धरता यावी म्हणून मध्ये स्टार्चने कडक केलेलं फेल्टचं कापड घातलं. तू ढोलकीच्या शाईसाठी तासन् तास घालवतोस ना, तीच जात. त्यानंतर थिओडोर नावाच्या पोराने तबकडी सुईखाली पुढेमागे घासून तिच्यातून नवाच आवाज काढला, तो स्क्रॅच.

बोलणारा या सगळ्याच्या मागून आला. हर्कचा मित्र कोक ला रॉक माइकवर ओळखीच्यांची नावं पुकारायचा, एखादं यमक टाकायचा. त्यातून रॅप वाढत गेलं. १९७९ला सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी 'रॅपर्स डिलाइट'ची तबकडी काढली आणि ते जगभर पोचलं. मग ड्रमवाला मागे पडला, बोलणारा पुढे आला.

दत्ता, मला सांगायचं आहे ते त्या ड्रमवाल्याबद्दल. क्लाइड स्टबलफील्ड, जेम्स ब्राउनच्या ताफ्यातला. १९६९च्या नोव्हेंबरात सिनसिनाटीला 'फंकी ड्रमर'चं रेकॉर्डिंग झालं. त्यात ब्राउन त्याला सांगतो, सोलो वाजवायची गरज नाही, आहे तेच धरून ठेव. आणि सगळे थांबतात. क्लाइड एकटा वाजवतो, जेमतेम वीस सेकंद. काहीही दाखवायचा हट्ट नाही, नुसता ठेका, पण त्यात बारीक बारीक हलके ठोके असे पेरलेत की माणूस जागचा उठतो. पुढे सॅम्पलर यंत्रं आली, तबकडीवरचा तुकडा कापून हवा तितका फिरवता येऊ लागला, आणि ती वीस सेकंदं शेकडो गाण्यांत गेली. गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या ब्राउनचं. १९९१ला इथल्या न्यायालयाने सांगितलं, परवानगीशिवाय सॅम्पल वापरायचं नाही. पण परवानगी द्यायची रेकॉर्डिंगच्या आणि गाण्याच्या मालकाने. ठेक्याला मालकी नाही. क्लाइड २०१७ला गेला. वापरता तर पैसे न देणं हा अनादर आहे, असं तो म्हणायचा.

ग्रेगरी कोलमनचं त्याहून वाईट झालं. विन्स्टन्स या ताफ्याच्या १९६९च्या एका तबकडीच्या मागच्या बाजूला त्याचा सहा-सात सेकंदांचा ब्रेक आहे. त्यावर इंग्लंडमध्ये एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. तो २००६ला हलाखीत वारला, हातात काही न येता.

हर्कला मी चोर म्हणणार नाही. ड्रमवाल्याच्या त्या क्षणावर त्याच्याइतका जीव त्याआधी कुणी लावला होता? पण नंतर त्यावर ज्यांनी मोठा पैसा केला, त्यांना क्लाइडचं नाव विचारावंसं वाटलं नाही, हा अन्याय आहे. तुला एकाच वेळी दोन्ही वाटलं, ते दोन्ही खरं आहे रे.

तुझा भाचा म्हणत होता, मिक्स करणारा पोरगा त्याच्या ओळखीचा आहे. त्याला घरी बोलाव. वहिनींच्या हातचा चहा दे आणि तोच तुकडा समोर बसून वाजवून दाखव. मग त्याला नाव लिहायला सांग. तुझं तर हवंच, पण त्या दिवशी हलगीवर होते त्या अण्णांचंही. कॅसेटच्या कागदावर त्यांचं नाव छापलंच नव्हतं, मला पक्कं आठवतंय.

तुझा,
विनू