कॅमेरा बदलून मिळाला

डिचोली, गोवा
सोमवार

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोनदा कॅमेऱ्याचं विचारलंस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. तू पगारातून साठवून पैसे पाठवलेस आणि वस्तू खराब निघाली, हे सांगायला माझी जीभ रेटेना. आता तो बदलून मिळालाय, म्हणून सगळं लिहिते.

गणेश चवथीच्या आधी चार दिवस म्हापशाहून कॅमेरा आणला. पहिल्या रात्री गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली सगळे जमले, आजोबांनी वाजवायला मातीचं घुमट मांडीवर घेतलं, शामेळाची थाप आणि कासाळ्यांची झांज सुरू झाली. आपल्याकडची आरती तासाभराची, तुला ठाऊकच आहे. विसाव्या मिनिटाला कॅमेऱ्यावरचं चित्र गोठलं. आवाज चालू, चित्र मात्र आजोबांचा हात वर उचललेला तिथंच. बंद करून पुन्हा लावला, तर पाच मिनिटांत तेच. मला वाटलं माझंच काही चुकलं असेल. दुसऱ्या रात्रीही तसंच झालं, तेव्हा कळलं. उरलेल्या तीन रात्री मी मोबाईलवर घेतल्या, पण घुमटाचा तो खालचा घुमारा त्यात उतरतच नाही रे. आजोबा ८४ वर्षांचे आहेत. घुमटाला २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण आजोबांच्या बोटांतली चाल अजून कुणीच उतरवून घेतलेली नाही. मला राग आला तो त्या रात्री गेल्याचा.

दुकानात नेला तर तिथं पाच मिनिटं चालवून दाखवला. "चालतो की मॅडम! तुमचं कार्ड स्लो असेल." खरी अडचण हीच. गरम झाल्यावरच बिघडणारी वस्तू काउंटरवर कायम चांगलीच दिसते. शेजारचा मुलगा लग्नांचं शूटिंग करतो, त्याने मला हिशेब समजावला. आपला कॅमेरा फोर-के मध्ये सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. आपलं कार्ड व्ही-३०, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहून घेणारं; कार्ड स्लो नव्हतंच. तरी आम्ही तीन कार्डं लावून पाहिली, त्याच्याकडची दुसरी बॅटरी लावली, फोर-के सोडून फुल एचडीवर घेतलं. प्रत्येक वेळी वीस-बावीस मिनिटांनी चित्र गोठलं. भिंतीवरचं घड्याळ आणि कॅमेऱ्याचा पडदा दोन्ही दिसतील असं मी मोबाईलवर शूट करून ठेवलं.

पुन्हा म्हापशाला गेले. मॅनेजरने ते पाहिलं आणि म्हणाला, "ठेवून जा, सर्व्हिस सेंटरला मुंबईला पाठवतो, तीन-चार आठवडे लागतील." बाबा हो म्हणायच्या बेतात होते. मी नाही म्हटलं. दुरुस्तीला दिला की तो दुरुस्त केलेला कॅमेरा झाला, आणि आपण पैसे नव्याचे मोजले होते. शिवाय दिवस उलटत होते. बिलाखाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं होतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे: सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तोंडी वाद न घालता घरी येऊन पत्र लिहिलं. खरेदीची तारीख, बिल नंबर, कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, कोणत्या दिवशी किती मिनिटांनी बंद पडला, आणि मागणी एकच: नवा कॅमेरा किंवा पूर्ण पैसे. दोन प्रती नेल्या, एकीवर दुकानाचा शिक्का मारून पोच घेतली. हे विसरू नकोस कधी. पोच नसेल तर "आम्हाला काही मिळालंच नाही" म्हणायला कुणाचीही हरकत नसते.

नाहीच ऐकलं असतं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन आणि मग पर्वरीला जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार, इथपर्यंत मी मनाची तयारी केली होती. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फी लागत नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पण ती वेळ आली नाही. पत्र दिल्यावर आठवड्याने त्यांचा फोन आला.

नवा खोका समोर उघडायला लावला आणि सांगितलं, तासभर चालवल्याशिवाय मी इथून उठणार नाही. स्टूल दिलं त्यांनी. बाबा बाहेर चहा पिऊन आले, मी पडद्याकडे बघत बसले. पासष्ट मिनिटं सलग चालला. मग नव्या सीरियल नंबरचं बिल आणि वॉरंटी कार्ड शिक्क्यासह घेतलं आणि कदंबाच्या बसने घरी आलो.

त्या रात्रीच आजोबांना म्हटलं, वाजवता का थोडं? ते म्हणाले, "देव पाटावर नाही आणि आरती कसली?" तुळशीच्या लग्नाला मात्र बसतो म्हणालेत. त्या दोन दिवसांची रजा आत्ताच टाक. आणि येताना तुझा उंच ट्रायपॉड आण, आपल्याकडचा तुळशीवृंदावनापुढे बुटका पडतो.

तुझी,
आई