फायबर दुरुस्ती आणि बिनलेबलची बाटली

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कापूस-सोयाबीनचा हंगाम आटोपला की वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या गॅरेजांत फायबरची कामं वाढतात. ट्रॅक्टरचं छत, ई-रिक्षाचा दर्शनी भाग, ट्रॅव्हल्सचा बंपर, जोडीला कूलरची बॉडी. या कामात रेझिन (फायबरचं पातळ, चिकट द्रव) घट्ट करणारं हार्डनर आणि ते लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं कोबाल्ट खेड्यापाड्यांत अनेकदा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सुटं मिळतं. वर साधी चिठ्ठीही नसते. ही विक्री थांबली पाहिजे, म्हणून हे पत्र.

हार्डनर म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड), दिसायला अगदी पाणी. कोबाल्ट जांभळट. ही दोन्ही एकमेकांत थेट पडली तर भडका उडतो, स्फोटही होतो. म्हणून आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, त्यानंतरच हार्डनर घालायचं. दोन्हींची सिरिंज आणि काडी वेगळी. त्याहून बरं म्हणजे कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन मागायचं. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी नजर कायमची जाऊ शकते. काम करताना बंद चष्मा हवाच, हाताशी स्वच्छ पाणी हवं. थेंब उडालाच तर डोळा उघडा धरून किमान 15 मिनिटं धुवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. सांडलेल्या हार्डनरवर लाकडाचा भुसा टाकू नये, ओली वाळू टाकावी. ॲसिटोनने तर ते कधीच पुसू नये.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब डब्यावर लिहिलेला नसतो. हार्डनरचं प्रमाण रेझिनच्या साधारण 1 ते 2 टक्के. एप्रिल-मेमध्ये 1 टक्काच धरा, म्हणजे 250 ग्रॅम रेझिनला सुमारे अडीच मिली, तेही सिरिंजने मोजून. झाकणाने अंदाजे ओतलं की रेझिन मगातच तापून धूर सोडतं. उलट, वेळ मिळावा म्हणून 1 टक्क्याच्या खाली गेलात तर थर आतून कच्चा राहतो आणि महिनाभरात पॅच हलू लागतो. काम सकाळी लवकर, सावलीत करा. उरलेलं रेझिन मगात ठेवू नका, बाहेर वाळूवर पातळ पसरा. हार्डनर टिनाच्या शेडमध्ये तर ठेवूच नका. मातीच्या भिंतीची थंड खोली असेल तर तिथे, पोरांच्या हाताला न लागेल असं.

आता दुरुस्ती. आधी तो भाग खरंच फायबरचा आहे का ते बघा. मागून काचेचे धागे दिसले तर फायबर. गुळगुळीत असून पीपी किंवा एबीएस अशी अक्षरं असतील तर ते प्लास्टिक, तिथे हे काम करू नका. नुसती पुट्टी भरून रंग मारला की तडा पहिल्याच खड्ड्यात परत उघडतो, कारण पुट्टीत ताण झेलणारे धागे नसतात. तड्याच्या टोकांना 3 मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग कडा उतरत्या घासा: फायबर 3 मिमी जाड असेल तर प्रत्येक बाजूला 35 ते 40 मिमी. रंग घासूनच काढा, पेंट रिमूव्हर फायबरमध्ये मुरतो. शेवटी ॲसिटोनने पुसा, पेट्रोलने नाही. पेट्रोल तेलकट थर सोडतं आणि नवा थर धरत नाही. ॲसिटोन लगेच पेटतं, तेव्हा जवळ ग्राइंडर, वेल्डिंग किंवा विडी नको.

घासलेल्या जागेवर रेझिनने भिजवलेली मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, बसवायची. ती चौरस मीटरला 450 ग्रॅमची घेतली तर एक थर साधारण 1 मिमीचा होतो. एक चौरस फुटाला तीन थर, म्हणजे सव्वाशे ग्रॅम मॅट आणि अडीचशे ते तीनशे ग्रॅम रेझिन. तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडा, कडा मिसळून जातात. शक्य तिथे मागच्या बाजूनेही थर द्या. ब्रश ओढू नका, ठोका. पांढरा ठिपका दिसला म्हणजे खाली हवा अडकली आहे. पावसाळ्यात मॅट दमट झाली असेल तर ती वापरू नका, थर सुटतो. तीनापेक्षा जास्त थर एकाच वेळी चढवले की उष्णता साचून तडे जातात.

रेझिनच्या वासाने डोकं गरगरतं, तो त्यातल्या स्टायरीन या रसायनाचा वास. दुपट्टा तोंडाला बांधून तो थांबत नाही. त्यासाठी कोळशाच्या फिल्टरचा मास्क लागतो. घासताना धुळीचा एन-95 मास्क, पूर्ण बाह्या आणि हातमोजे. फायबरचा भुगा लागला तर खाजवू नका, आधी थंड पाण्याने धुवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

विक्रेत्यांना आमचं सांगणं एकच आहे: हार्डनर कंपनीच्या मूळ बाटलीतच द्या, नावासकट आणि इशाऱ्यासकट. ज्या आयटीआयमध्ये डेंटिंग-पेंटिंग शिकवतात, तिथे हार्डनर मोजण्याचा एक प्रात्यक्षिक तास लावता येईल. त्यासाठी 10 मिलीची सिरिंज, किलोभर रेझिन आणि थोडी मॅट एवढं पुरतं.

– फायबर बॉडीचे कारागीर, पुलगाव (जि. वर्धा)