शेजारच्या मुलाला बंदूक विकण्याविषयी

वाळपई, सत्तरी, गोवा

चि. प्रथमेश यास अनेक आशीर्वाद.

शेजारच्या मुलाने तुला विचारलं आणि तू मला विचारलंस. माझी बंदूक पेटीत पडून आहे, काजूचा हंगाम तोंडावर आलाय, त्यांच्या बागेत रानडुकरांनी उच्छाद मांडलाय, तर त्याला विकून टाकूया का? फोनवर मी नुसतं ‘नाही’ म्हटलं. एवढ्याने तुझं समाधान होणार नाही आणि होऊही नये, म्हणून सविस्तर लिहितो. हा कागद परवान्याच्या फाइलमध्येच लावून ठेव.

आधी वय. त्याला गेल्या चतुर्थीत एकोणीस पूर्ण झाली. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या नवव्या कलमानुसार २१ वर्षं पूर्ण न झालेल्या माणसाला बंदूक घेता येत नाही, बाळगता येत नाही, जवळ घेऊन फिरता येत नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग आपल्यासाठी आहे. ज्याला बंदी आहे हे ठाऊक आहे, किंवा तसं मानायला कारण आहे, अशा माणसाला बंदूक विकणारा, देणारा किंवा दुरुस्त करून देणाराही गुन्हेगार ठरतो. हा मुलगा आपल्या अंगणात खेळून मोठा झालाय. त्याचं वय माहीत नव्हतं असं आपण कुठल्या तोंडाने म्हणणार?

‘पैसे आता घ्या, बंदूक आता द्या, कागद एकविसाव्या वर्षी करू’ हे तो सुचवतोय ते तर मुळीच नको. परवान्याशिवाय बंदूक जवळ सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद आहे. विक्रीचं पाचवं कलम मोडणाऱ्याला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. एकोणिसाव्या वर्षी असा गुन्हा डोक्यावर बसला की पासपोर्ट, सरकारी नोकरी, जहाजावरची नोकरी, प्रत्येक ठिकाणी पोलीस पडताळणीत तो आडवा येतो. आपण त्याला मदत करायला जाऊ आणि त्याचीच वाट बंद करू.

‘विकू नका, हंगामापुरती वापरायला द्या’ असंही त्याचे वडील म्हणतील. तेही चालत नाही. माझ्या परवान्यावर दुसऱ्याला बंदूक नेता येते ती माझ्यासमोर, नाहीतर माझ्या लेखी अधिकाराने दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा माझ्या स्वतःच्या वापरासाठी. त्याने त्याच्या बागेत एकट्याने रात्र काढायची, हे यात कुठेच बसत नाही. एकविसाच्या आतल्या मुलांना नेमबाजीचं प्रशिक्षण घेता येतं, त्यासाठी कायद्याने वाट ठेवलीय. पण ते शिकवणाऱ्याच्या देखरेखीत, बागेत नव्हे.

तू पाठवलेला अमेरिकेतला व्हिडिओ मी पाहिला. तिथली गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने परवानाधारक दुकानदाराला पिस्तूल २१ च्या खालच्याला विकता येत नाही, लांब नळीची बंदूक १८ पूर्ण झालेल्याला विकता येते. खासगी माणसाला मात्र १८ पूर्ण झालेल्यास पिस्तूलही विकता येतं आणि घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याची सक्ती संघराज्याने त्याच्यावर घातलेली नाही. काही राज्यांनी आपापली सक्ती घातली आहे. म्हणजे जो नियम दुकानात आहे तो अंगणातल्या व्यवहारात गळून पडतो, आणि त्या देशात वाद आहे तो याच फटीवर. आपल्याकडे ती फट नाही. दुकानातून घ्या किंवा शेजाऱ्याकडून, घेणाऱ्याचा परवाना लागतोच.

आता समज, दोन वर्षांनी तो २१ चा झाला आणि पुन्हा आला. तेव्हा खासगी विक्री कायद्याने होऊ शकते. ती अशी.

परवाना त्याच्या हातात आल्याशिवाय बोलणीच नकोत. सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय दाखला, पोलीस अहवाल हे सगळं त्याने करायचं. आपल्या तालुक्यात आणखी एक पायरी आहे आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात. १९९९ साली म्हादई अभयारण्य जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते. आपलं घर आणि त्यांची बाग त्या १० किलोमीटरमध्ये येते. त्यामुळे अर्ज महिनोन्महिने अडकू शकतो. मामलेदार कचेरीत ओळख आहे म्हणून काम होईल, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे.

परवाना मिळाला की मूळ पुस्तिका मागायची. फोनवरचा फोटो चालणार नाही. त्यात पाहायचं ते असं: युनिक क्रमांक, फोटो, मुदत, कोणत्या प्रकारचं हत्यार मंजूर आहे, कोणत्या क्षेत्रात चालतं आणि आधीची किती हत्यारं चढलेली आहेत. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. ठासणीच्या बंदुकीचा परवाना असेल तर आपली काडतुसाची बंदूक त्यावर चढत नाही. प्रकार वेगळा, म्हणजे परवाना वेगळा.

मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचं की मी ही बंदूक अमुक नावाच्या, अमुक पत्त्याच्या माणसाला विकणार आहे. मी तर पणजीला आणि वाळपईला दोन्हीकडे देईन. पोचेचा शिक्का आणि तारीख घेतलेली प्रत जपायची. त्या दिवसापासून ४५ दिवस थांबायचं. कळवलंच नाही, किंवा चाळिसाव्या दिवशी बंदूक देऊन टाकली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपये दंड किंवा दोन्ही. ५०० चा आकडा वाचून लोक निर्धास्त होतात. पण अट मोडली म्हणून परवानाच रद्द होऊ शकतो, हे कुणी लक्षात घेत नाही. शिवाय नोंद आपल्या नावावर राहिली आणि बंदुकीने पुढे काही झालं, तर पोलीस पहिल्यांदा आपल्या दारात येणार.

देताना पावती दोन प्रतींत करायची: बंदुकीचा क्रमांक, कोणत्या कंपनीची, बोअर (नळीच्या रुंदीचं माप), काडतुसं किती, दोघांचे परवाना क्रमांक, तारीख, सह्या. काडतुसांनाही तोच कायदा आहे. ‘ही चार राहिलीत, घेऊन जा’ असं होत नाही. नंतर त्याने त्याच्या परवान्यावर बंदूक चढवून घ्यायची आणि आपण आपल्यावरून उतरवून घ्यायची. हे उतरवून घेणंच लोक विसरतात.

एवढं सगळं नीट झालं तरी मी एकविशीतल्या पोराला परस्पर बंदूक विकणार नाही. हे माझं मत आहे, कायदा असं म्हणत नाही. कायद्याने २१ ही खालची रेघ ओढली. त्या रेघेवर आलेला प्रत्येक जण बंदुकीला लायक झाला, असं ती रेघ सांगत नाही. नळीपुढे काय आहे हे कळेपर्यंत थांबण्याची सवय लागते, आणि ती सवय त्या वयात फार थोड्यांना असते.

फुसका बार म्हणजे काय ते बघ. आपल्या पावसाळ्यात काडतूस ओल धरतं. कागदी असेल तर फुगतं, पितळी कडेवर हिरवट पूड चढते. असं काडतूस उडालं तर ‘धाड’ होत नाही, ‘फुस्स’ होतं. छर्रे सुटतात किंवा सुटतही नाहीत, आणि आतला बोळा नळीत अडकून राहतो. त्यावर दुसरं काडतूस उडवलं की नळी फाटते, ती बहुधा नळीखाली धरलेल्या डाव्या हाताच्या जागी. अशा वेळी नळी रिकाम्या दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, बंदूक बिजागरीतून मोडून उघडायची, काडतूस काढायचं आणि मागच्या बाजूने नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहायचं. समोर डुक्कर, हातात गरम बंदूक आणि वय एकोणीस! तीस सेकंद थांबेल का तो?

बोअरचंही तसंच. वीस बोअरचं बारीक काडतूस चुकून बारा बोअरच्या रुंद नळीत टाकलं तर ते घरंगळत पुढे जाऊन अडकतं. बंदूक रिकामी आहे असं वाटतं, मागून बाराचं बसतं आणि दोन्ही एकदम फुटतात. आपल्या बंदुकीचं काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं आहे. ७० चं काडतूस त्यात सहज बसतं, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं, हा समज इथे हात घालवतो. कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते, तेही दर वेळी पाहावं लागतं.

आणि बाग. काजूच्या दिवसांत पहाटे अंधार असतानाच बायका बोंडू वेचायला झाडाखाली शिरतात. सुक्या पाल्यात डुकराची खसखस आणि माणसाची खसखस सारखीच ऐकू येते. डुक्कर समजून माणसावर बार टाकल्याच्या घटना गोव्यात आणि खाली कोकणात झाल्या आहेत, त्या अशाच अंधारात आवाजावर. मोठे छर्रे दोनशे मीटरपुढेही माणसाला जखमी करतात आणि आपल्या बागा एकमेकींना लागून आहेत. डुक्कर मारणं हा तर परवानगीशिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. पिकाच्या राखणीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही, हे सत्तरीत अजून पुष्कळांच्या गळी उतरलेलं नाही.

एक गोष्ट बोलायला जड जाते, तरी लिहितो. त्या वयात राग येतो, निराशाही येते, प्रेमातली, परीक्षेतली, घरातली. ती वेळ निघून जाते, मुलगा सावरतो. पण हाताशी भरलेली बंदूक असेल तर ती वेळ निघून जायला अवसरच मिळत नाही. म्हणून बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि घरात कुणी उदास असेल तर दोन्ही घराबाहेर, ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा. हा नियम तुलाही लागू आहे आणि मलाही.

मग आपल्या बंदुकीचं करायचं काय? दोन मार्ग आहेत. शस्त्र नियम २०१६ चा पंचविसावा नियम सांगतो की परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो आणि वारसाला परवाना मिळू शकतो. माझ्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या आहेत. तुझंच नाव लागेल, विक्री नाही, किंमत नाही. पण तू आठवड्याचे पाच दिवस म्हापशाला असतोस. परवाना तुझा झाला की त्या दिवसांत बंदूक घरात माझ्या ताब्यात राहणं बरोबर नाही. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की जमा करण्याची नोटीस येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या गोव्यातल्या निकालानंतर प्रत्येकाने बंदूक जमा करायची की नाही याचा छाननी समितीने वेगळा विचार करावा असं ठरलं, तरी नोटीस आली की धावायचं आपल्यालाच. हे तुला जमणार असेल तरच हो म्हण.

दुसरा मार्ग परवानाधारक दुकानदाराचा. त्याच्या वहीत नोंद होते, घेणाऱ्याचा परवाना तोच तपासतो, आणि पुढे कोणी घेतली हे लिहिलेलं राहतं. शेजाऱ्याने दिले असते त्यापेक्षा पैसे कमी मिळतील. मला ते चालतील.

त्या मुलाला मात्र रिकाम्या हाताने परत पाठवू नकोस. त्याला खरी गरज कुंपणाची आहे. सौर कुंपणाला कृषी खात्याचं अनुदान मिळतं, विभागीय कृषी कार्यालयात अर्ज करायचा. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून साधारण सहा इंचांवर हवी. वर ठेवली तर ते नाक खुपसून खालून शिरतं. पावसात गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि कुंपण मेल्यासारखं होतं, म्हणून श्रावणापर्यंत दर पंधरा दिवसांनी खालचं गवत कापायचं. आणि घरातली वीज थेट तारेला जोडायची नाही, हे त्याला आणि त्याच्या वडिलांना दोघांनाही सांग. सौर यंत्र क्षणभराचा झटका देतं, म्हणून जनावर दचकून पळतं. घरातली वीज सलग वाहते आणि हात लावणारा तिथेच चिकटतो. अशाने माणसं गेली आहेत.

शनिवारी येशील तेव्हा तुझं आधार कार्ड आणि चार फोटो आण. वारसाचा अर्ज करायचा की दुकानदाराकडे जायचं हे त्या दिवशी ठरवू. तोवर त्या मुलाला व्हॉट्सॲपवर ‘बघू’, ‘नंतर सांगतो’ असं काहीही लिहू नकोस. त्याच्या वडिलांशी मी उद्या सकाळी स्वतः बोलतो. काडतुसं आज मोजली, सात आहेत, परवान्यावरच्या नोंदीशी जुळतात. किल्ली माझ्याकडे आहे.

तुझा
बाबा