मनगटावरचा चटका

नौपाडा, ठाणे
१२ नोव्हेंबर

प्रिय माधुरी,

सप्रेम नमस्कार.

रविवारी कोपरखैरण्याहून परतताना ठाणे लोकलमध्ये बसले, तेव्हा डोळ्यांसमोर सारखे तुझे मनगट येत होते. कुकरचा चटका घटस्थापनेच्या आधी बसला, असे तू म्हणालीस. दिवाळी सरली तरी त्याची कड लाल आहे आणि मधला भाग ओला चकाकतो आहे. साखर तपासली, ती व्यवस्थित आली; डॉक्टरांनी मलम बदलून दिले; आणि 'वय झालं आता' म्हणत तू बाही खाली ओढलीस. काकू समोर बसल्या होत्या आणि 'ही कोण?' असे मला पाचव्यांदा विचारत होत्या, त्यामुळे मनात होते ते तिथे बोलता आले नाही. म्हणून हे पत्र.

१९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि वयाने व उत्पन्नाने त्यांच्याशी जुळणाऱ्या, पण असा भार नसलेल्या दुसऱ्या तेरा स्त्रिया त्यांनी निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली, तिचे फोटो काढत राहिले आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून फेस येतो का, हे पाहिले. फेस येणे थांबले की जखम भरली, असे धरले. भार नसलेल्या स्त्रियांची जखम सरासरी ३९.३ दिवसांत भरली, शुश्रूषा करणाऱ्यांची ४८.७ दिवसांत. नऊ दिवसांचा फरक, माधुरी, आणि तोही मधल्या बोटाच्या नखावर सहज मावेल एवढ्या जखमेत! सव्वीस स्त्रिया म्हणजे संख्या लहान, हे मला मान्य आहे. पण पुढे १९९८ मध्ये याच गटाने दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या तोंडातल्या टाळूवर सुट्टीत एक आणि परीक्षेच्या तोंडावर एक अशा जखमा करून पाहिल्या, तेव्हा परीक्षेच्या वेळची जखम भरायला सुमारे चाळीस टक्के जास्त वेळ लागला.

याचे कारण मी इतकी वर्षे वर्गात शिकवत आले आणि तुझ्या बाबतीत मात्र मला ते सुचले नाही, याचे वाईट वाटते. सततच्या ताणात मेंदूच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडत राहतात आणि कॉर्टिसॉल दाह दाबून ठेवते. जखमेला मात्र सुरुवातीला थोडा दाह लागतोच. दाह नसेल तर पांढऱ्या पेशी तिथे वेळेवर जमत नाहीत. तुझा दादा 'सगळं मनाचं असतं' म्हणतो, तेव्हा तू गप्प बसतेस. मन आणि शरीर असे दोन वेगळे कप्पे नाहीत, हे त्याला सांगायला हवे, आणि 'सकारात्मक विचार कर' असे बजावणाऱ्यांनी तुझ्यावर आणखी एक काम लादू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही इतके दिवस न भरलेली जखम त्वचारोगतज्ज्ञाला या आठवड्यात दाखव. ताणाचे नाव पुढे करून ते टाळायचे नाही.

रात्री काकू उठून दार उघडतील या धास्तीने तू दोन वर्षे सलग झोपलेली नाहीस. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस यांनी १९७० च्या सुमारास उंदरांना शेपटीला विजेचे सारखेच झटके दिले. ज्यांना झटक्याआधी आवाज ऐकू येई, त्यांच्या जठरात व्रण कमी झाले. ज्यांना कसलीच सूचना नव्हती, त्यांच्या जठरात कितीतरी जास्त. आवाज नाही तोवर धोका नाही, एवढे कळल्यानेच पहिल्या उंदरांना मधल्या वेळात विसावा मिळत होता. मला वाटते, तुला नेमके हेच हवे आहे. जांभळी नाक्यावरून मी घुंगरांची माळ आणते, ती दाराच्या कडीला बांधू. घुंगरू वाजले नाहीत तर काकू आतच आहेत.

आता दादाविषयी. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी ४०६ शुश्रूषा करणाऱ्या पती-पत्नींचा अनेक वर्षे अभ्यास केला. निम्म्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका दिल्या, त्यांतल्या दोन एकट्याने आणि चार घरच्या इतरांसह. पुढे फोनवर केव्हाही सल्ला मिळे. रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ त्या घरांत साधारण ५५७ दिवस उशिरा आली. सहातल्या चार बैठका कुटुंबासह होत्या, हे दादाला मीच फोन करून सांगेन. तुझ्या तोंडून ती तक्रार वाटेल.

तुला कधी रात्री एकटीला असह्य झाले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक लाव. तो चोवीस तास चालतो, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. आपल्या लहानपणी कुणी जरा वेगळे वागले की 'ठाण्याला पाठवा' म्हणत, ते इथल्या १९०१ सालच्या मनोरुग्णालयावरून. त्या बोलण्याची भीती आपल्या पिढीच्या मनात अजून आहे, हे मी जाणते. तरी फोन कर.

गुरुवारी माझी शाळा बाराला सुटते. दोनला मी तुझ्याकडे पोहोचेन आणि सहापर्यंत काकूंजवळ बसेन, या गुरुवारपासून दर गुरुवारी. त्या वेळात बाजारहाट करायचा नाही. आतल्या खोलीचे दार लावून नीज. निघण्याआधी चटक्याशेजारी रुपयाचे नाणे ठेवून मी फोटो काढत जाईन, म्हणजे कड किती आत सरकली ते दर आठवड्याला दिसेल. दाराची कडी जमिनीपासून किती उंच आहे, तेवढे मोजून ठेव.

तुझीच,
शुभा