परीक्षणात शेवट फोडायचे कारण काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत स्टीफन ग्रॅहम जोन्स यांच्या 'नाइट ऑफ द मॅनेक्विन्स' या छोटेखानी भयकादंबरीचे परीक्षण वाचले आणि मनस्वी संताप आला. कोण मरते, कोण मारते आणि का, हे सगळे दुसऱ्याच परिच्छेदात सांगून मोकळे! पुस्तक २०२० मधले आहे, त्याला भयसाहित्यासाठीचा ब्रॅम स्टोकर पुरस्कार मिळाला आहे, म्हणून ते सगळ्यांचे वाचून झाले असे परीक्षकांनी धरून चालायचे का?

माझी सतरा वर्षांची भाची ते वाचत होती. वाचताना पेन्सिलीने खुणा करायची तिची सवय आहे. गोष्ट सांगणारा सॉयर जिथे जिथे फार खात्रीने बोलतो, तिथे तिथे तिने समासात प्रश्नचिन्ह काढले होते. सॉयर आणि त्याचे मित्र एक मॅनेक्विन, म्हणजे कपड्यांच्या दुकानात असतो तसा पुतळा, थिएटरात नेऊन बसवतात. सिनेमा संपल्यावर तो पुतळा उठून गर्दीबरोबर चालत बाहेर गेला, असे सॉयर सांगतो. त्या पानावर तिने लिहिले होते, 'मग बाकीच्यांना कसा नाही दिसला?' पोरीला नेमके वर्म सापडले होते. रविवारी तिने आपले परीक्षण वाचले, पुस्तक मिटले आणि म्हणाली, "मावशी, आता काय वाचायचं त्यात?" ते पुस्तक तिने अजून उघडलेले नाही.

अशा पुस्तकात खुनी कोण एवढेच रहस्य नसते. आपण एका मुलाच्या डोक्यात कोंडलेले असतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा की ठेवू नये हे पानोपानी ठरवत असतो, आणि भीती वाटते ती त्यामुळे. निकाल आधीच हाती दिला की ती जागाच उरत नाही.

शिवाय मथळा 'मस्करीची कुस्करी'! मस्करी हाताबाहेर जाते असे या गोष्टीत कुठे आहे? थिएटरात काम करणाऱ्या मैत्रिणीची फजिती करायला ही मुले लहानपणी ज्याच्याशी खेळली तो पुतळा खुर्चीत नेऊन बसवतात, आणि बेत चक्क फसतो. कोणी दचकत नाही, कोणी हसत नाही. बाकीच्यांच्या लेखी विषय तिथेच संपतो, सॉयरच्या लेखी संपत नाही. कादंबरी उभी आहे ती यावर. परीक्षकांनी याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. शेवट मात्र सविस्तर.

लंडनमध्ये १९५२ साली रंगभूमीवर आलेल्या 'द माउसट्रॅप' नाटकाच्या प्रयोगानंतर, रहस्य बाहेर फोडू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांकडून जी अपेक्षा, ती मानधन घेणाऱ्या परीक्षकाकडून ठेवू नये?

जाता जाता आणखी एक. हे परीक्षण आपण 'मुलांसाठी' या चौकटीत छापले आहे. पात्रे शाळकरी आहेत म्हणून पुस्तक लहान मुलांचे होत नाही. त्या चौकटीवर भरवसा ठेवून कोणी दहा वर्षांच्या मुलाला ते आणून दिले तर?

येत्या रविवारी चौकटीची दुरुस्ती छापावी, आणि संकेतस्थळावरच्या परीक्षणातून तो दुसरा परिच्छेद आजच काढावा, ही विनंती. पुस्तक अर्धे वाचून ठेवलेले आणखी वाचक असतील.

आपली,
एक नियमित वाचक